चिकटलेले बटण आणि अकरा गाणी

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. किती जुना म्हणाल, तर माझ्याबरोबर एकाच खोक्यातून म्हापशाच्या दुकानात आलेले माझे भाऊबंद आता एकतर भंगारात गेले आहेत, नाहीतर कुणाच्या तरी कपाटात चार्जरच्या गुंत्याखाली पडून आहेत. मी मात्र अजून वाजतो, बोलतो आणि गातोसुद्धा. माझ्या काचेला डावीकडे तडा गेला आहे. पाठीचा रंग उडाला आहे. पण माझ्या उजव्या कुशीतली आवाजाची दोन बटणे पाहाल, तर नव्याकोऱ्या मोबाइलने लाजावे इतकी ती स्वच्छ आहेत. दर रविवारी ती कापसाच्या बोळ्याने पुसली जातात. एवढे लाड कशासाठी, तेच तुम्हाला सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही, आणि आठवण्यासारखे काही होते असेही वाटत नाही. मला जग दिसले ते गणेशच्या टिपरमधून, म्हणजे खाणीचा माल वाहणाऱ्या ट्रकमधून. गणेश पेडणे तालुक्यातल्या इब्रामपूरचा. सुर्ल्याच्या खाणीवर माल भरायचा, जेटीवर उतरवायचा आणि पुन्हा सुर्ल्याला यायचा. मी काचेमागच्या फळीवर पडून असे. लाल धूळ माझ्या कानातोंडात जाई. गणेश मला सदऱ्याच्या टोकाने पुसायचा, तेव्हा सदरा लाल व्हायचा आणि मी काळा दिसायचो. घरी गेल्यावर त्याची बायको सुविधा सदरा पाहून मलाच दोष द्यायची. काय करणार, मला उलट बोलता येत नव्हते!

मग खाणी बंद पडल्या. टिपर अंगणात ताडपत्रीखाली उभा राहिला. गणेश कामाला मुरगावच्या बंदरात गेला. तिथे त्याने नवा मोबाइल घेतला आणि मी सुविधाच्या वाट्याला आलो. मला वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. पण सुविधाच्या हाताला लाल धूळ नव्हती, हा एक फायदा होता.

मी तोवर थकलो होतो. आमच्या आत एक व्यवस्था असते. तिलाच मोबाइलवाले फर्मवेअर म्हणतात. उठायचे कसे, फोन घ्यायचा कसा, चित्र दाखवायचे कसे, हे सगळे ती आम्हाला शिकवते. माझी व्यवस्था कंपनीने दोन वर्षांतच वाऱ्यावर सोडली होती. नवे काही शिकवायला कुणी नाही, आणि पोटात कंपनीने आधीच कोंबलेला नको तो पसारा. फोन आला तर समोरचा कंटाळून ठेवून देईपर्यंत मी वाजत नसे. सुविधा म्हणायची, आमचा रेडा परवडला, हाक मारली की मान तरी हलवतो. एके दिवशी तिने मला पिशवीत टाकले आणि डिचोलीच्या बुधवारच्या बाजाराला नेले. मला वाटले, आता आपला बाजार उठला.

तिथे मला कृष्णनाथबाब भेटले. आमच्याकडे आदराने नावापुढे बाब लावतात. मित्रांनो, त्यांचे नाव घेतले की माझी बॅटरी दोन टक्के वाढते, असे मला उगीच वाटते. पन्नाशीचा माणूस, चष्मा कायम कपाळावर. पूर्वी सुर्ल्याला खाणीच्या काट्यावर बसायचे. भरलेला टिपर काट्यावर उभा राहिला की वजन संगणकात टिपायचे. खाण बंद झाली तसा काटाही बंद झाला. संगणक तेवढा हाताशी उरला. त्यावर शिकत शिकत त्यांनी बाजाराच्या कडेला मोबाइल दुरुस्तीचे एका दाराचे दुकान टाकले.

त्यांची एक पद्धत होती. मोबाइल हातात आला की बिघाड नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "आत काय आसा?" गिऱ्हाईक जे सांगेल ते पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून मोबाइलच्या पाठीवर लावायचे. मी त्यांच्या टेबलावर पडल्या पडल्या शेजाऱ्यांच्या पाठी वाचल्या. एकाच्या पाठीवर ‘मुलीचे बारसे’. दुसऱ्याच्या पाठीवर ‘काही नाही, पण मालक म्हणतो पुसू नका’. माझ्या पाठीवर त्यांनी लिहिले, ‘चवथीचे फोटो, रेडा’, म्हणजे गणेशचतुर्थीचे फोटो आणि आमच्या रेड्याचा एक.

कृष्णनाथबाबांनी आधी चवथीचे फोटो आणि रेडा संगणकात उतरवून ठेवला. मग माझ्या दाराचे कंपनीचे कुलूप उघडले. ते कुलूप उघडताना पोटातले सगळे पुसले जाते, म्हणून तर आधी तो प्रश्न. नंतर त्यांनी माझ्यात नवी व्यवस्था घालायला घेतली. याला फ्लॅश मारणे म्हणतात. ऐकायला झटपट वाटते, पण माझ्या बाबतीत चार दिवस लागले आणि त्यात मी एकदा मेलोसुद्धा.

झाले असे की पहिल्या दिवशी तार धड नव्हती. ती नुसती चार्ज करायची, निरोप पोचवत नव्हती. संगणक मला ओळखच देईना. तार बदलली तर अर्ध्यात काम थांबले, कारण माझी बॅटरी पुरेशी भरलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी काम पूर्ण झाले आणि मी ठार बंद. ना उजेड, ना थरथर. माझ्यासारखाच दिसणारा माझा एक जुळा भाऊ आहे. त्याच्या नावात शेवटी एक अक्षर वेगळे आहे, बस्स. त्याची व्यवस्था माझ्या अंगात गेली होती. अशा मोबाइलला लोक वीट म्हणतात, म्हणजे भिंतीला लावायच्या लायकीचा.

दुसरा कुणी असता तर मला खणात टाकून मोकळा झाला असता. कृष्णनाथबाबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, माझी पाठ उघडली, आत बारीक छापलेले ते अक्षर वाचले आणि स्वतःच्या कानाला हात लावला. मग माझ्या खऱ्या नावाची व्यवस्था शोधून काढली आणि संगणकाकडून माझ्या मेंदूपर्यंत वाट काढून ती आत घातली. मी जागा व्हायला वीस मिनिटे घेतली. पडद्यावर नुसते वर्तुळ फिरत होते. ते मला हात न लावता समोर बसून राहिले. नव्या व्यवस्थेला पहिल्यांदा उठायला वेळ लागतो, तेव्हा घाई करून बटण दाबणारे लोक अर्धा खेळ घालवतात, हे त्यांना ठाऊक होते.

मी उठलो तो हलका फुल्ल होऊन. त्यांनी मला रूटही केले, म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या स्वतःच्या हातात घेतल्या, नको तो पसारा बाहेर काढला आणि काम झाल्यावर किल्ल्या परत कुलपात ठेवल्या. मग चवथीचे फोटो आणि रेडा जागच्या जागी ठेवून मला सुविधाच्या हातात दिले. ज्या माणसाने मेलेल्याला उठवले, त्याचे उपकार मी कुठल्या तोंडाने सांगू?

आता खरी गोष्ट ऐका. सुविधाच्या सासूबाई रुक्मिणीबाई. त्या पलीकडच्या सिंधुदुर्गातल्या, सातार्ड्याच्या. लग्न होऊन इब्रामपूरला आल्या त्या गाण्यांचे गाठोडे घेऊनच. आमच्याकडे पौषात धालो असतात. बायका वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, मांडावर, धालोसाठी राखलेल्या अंगणात जमतात, समोरासमोर दोन रांगा करतात, एकमेकींच्या कमरेत हात घालतात आणि वाकून पुढे-मागे होत गातात. एक रांग ओळ म्हणते, दुसरी ती उचलते. पण पहिली ओळ सुरू करणारी कुणीतरी लागते. आमच्या वाड्यावर तीस वर्षे ती रुक्मिणीबाई होत्या. बाकीच्यांना ओळ उचलता येत होती, पण कोणत्या ओळीनंतर कोणती, ते त्यांच्या एकट्यांच्या डोक्यात होते.

सुविधाला वाटले, हे कुठेतरी ठेवायला हवे. तिने मला सासूबाईंसमोर धरले आणि म्हणाली, आये, गा. रुक्मिणीबाई माझ्याकडे बघून नुसत्या लाजल्या. खोकल्या, पदर सारखा केला, पण एक ओळ काही आठवेना. शेवटी म्हणाल्या, "हात रिकामे आसले काय माका गाणा आठवणा नाय."

ते अगदी खरे होते. चैत्र-वैशाखात काजूच्या बागेत बसून बोंडांपासून बिया वेगळ्या करताना त्यांच्या तोंडून गाणे आपोआप यायचे. घरी पिण्यासाठी बोंडे पिळायला बसल्या की तर विचारूच नका. पिळलेला रस टोपात गळायचा. त्याला आमच्याकडे नीरो म्हणतात. तो गोड, वासाला उग्र आणि बोटांना असा चिकटतो की बोट बोटापासून सुटू नये. नीरोची धार आणि त्यांचा आवाज एकाच लयीत चालायचा. सुविधा मला टोपाच्या काठाशी उभा करून ठेवायची आणि मी ऐकत राहायचो. तीन उन्हाळ्यांत अकरा गाणी माझ्या पोटात गेली. एकेक गाणे पाऊण तासाचे. मित्रांनो, मी पुष्कळ गोष्टी पोटात ठेवल्या आहेत, पण इतके जड आणि इतके गोड दुसरे काही नव्हते.

नीरोचे चार थेंब माझ्यावर उडायचे. सुविधा पदराने वरवर पुसायची. पण माझ्या अंगात रबरी आवरण होते. थेंब त्याच्या आत गेले आणि आवाज कमी करायच्या बटणाच्या फटीत जाऊन बसले. पावसाळ्यात माझ्याभोवती बारीक मुंग्या फिरायच्या. सुविधा फुंकर मारून त्यांना घालवायची. मुंग्या कशासाठी येतात, हे कुणी विचारले नाही, आणि मला सांगायची सोयच नव्हती.

तुळशीच्या लग्नानंतर सुविधा मला पुन्हा डिचोलीला घेऊन गेली. कृष्णनाथबाबांनी माझी व्यवस्था आणखी नवी केली. या वेळी काही पुसायचे नव्हते, तरी त्यांनी विचारलेच आणि पट्टीवर लिहिले, ‘आयेची गाणी’. संगणकात उतरवून घेऊ का, म्हणूनही विचारले. पण गाणी मोठी, वेळ लागणार, आणि बस सुटायला आली होती. सुविधा म्हणाली, पुढच्या बुधवारी येते. बाब म्हणाले, बरे. तो पुढचा बुधवार आलाच नाही, कारण त्याआधी रुक्मिणीबाई न्हाणीघराच्या दारात पडल्या.

त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. पंधरा दिवसांनी घरी आल्या तेव्हा उजवा हात लुळा होता आणि वाचा गेली होती. सगळे कळायचे, डोळे बोलायचे, पण ओठांतून शब्द येत नव्हता. पाणी हवे असले तरी डाव्या हाताने पेला दाखवायच्या. एकदा शेजारणी बघायला आल्या आणि त्यातली एक सहज बोलून गेली की यंदा धालो कसले होणार, ओळ कोण काढणार. रुक्मिणीबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले. सुविधाने ते पाहिले आणि तिथल्या तिथे सांगून टाकले की यंदा ओळ मी काढणार. तिला अकरांपैकी जेमतेम तीन गाणी येत होती.

त्या दिवसापासून आम्ही दोघे अभ्यासाला बसलो. काम आवरले की ती मला लावायची आणि मागोमाग म्हणायची. चौथे गाणे सुरू असताना खाटेवर सासूबाईंचा डोळा लागलेला तिने पाहिला आणि माझा आवाज कमी करायचे बटण जरा जोराने दाबले. बटण आत गेले ते बाहेर आलेच नाही. आठ महिन्यांचा वाळलेला नीरो, वर हिवाळ्याची कोरडी हवा. आवाज कमी कमी होत शून्यावर गेला. ती वाढवायची, तो पुन्हा उतरायचा. शेजारीण म्हणाली, बंद करून चालू कर, सगळे मोबाइल तसेच ठीक होतात. सुविधाने मला बंद केले आणि चालू केले.

आमच्या जातीचा एक नियम आहे. उठताना आवाज कमी करायचे बटण दाबलेले असले तर पूर्ण उठायचे नाही. दुरुस्तीची पाटी लावून हुकुमाची वाट बघत थांबायचे. त्यामुळे माझ्या पडद्यावर पोट उघडून उताणा पडलेला एक हिरवा यंत्रमानव आला, तीच आमची दुरुस्तीची पाटी, आणि तो हटेना. सुविधाने दहा वेळा बंद-चालू केले, दहा वेळा तोच आला. जवळच्या एका दुकानात तिला सांगितले की सॉफ्टवेअर उडाले, सगळे पुसून नवे घालावे लागेल. ती मला छातीशी धरून तशीच माघारी आली. धालो पुढच्या सोमवारी बसायचे होते. तिने बुधवारी सकाळची पहिली बस पकडली.

कृष्णनाथबाबांनी मला पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. आपणच महिन्यापूर्वी नवी व्यवस्था घातली, तीच बिघडली, हे त्यांनी मनात पक्के धरले. माझ्या पाठीवर त्यांच्या अक्षरातली ‘आयेची गाणी’ ही पट्टी अजून होती. सुविधाने सासूबाईंची हकिगत सांगितली. ऐकता ऐकता त्यांनी मला संगणकाला जोडले. ते माझ्यावर जिवापाड मेहनत घेऊ लागले आणि मी आतल्या आत ओरडत होतो की बाब, बटण बघा, माझे बटण बघा! पण उठल्याशिवाय मला आवाज नाही, आणि बटण सुटल्याशिवाय मला उठता येत नाही. असा माझा जीव टांगणीला लागला होता.

त्यांनी तार बदलली. दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिले. संगणकाकडून हुकूम देऊन मला अर्धवट उठवले आणि गाणी बाहेर काढता येतात का ते बघितले. पण नव्या व्यवस्थेने माझ्या पोटातले सगळे कुलपात ठेवले होते आणि मी पूर्ण उठलो तरच ते कुलूप उघडते. गाण्यांच्या नावांच्या जागी नुसती वेडीवाकडी अक्षरे दिसली. मग पोटाला हात न लावता त्यांनी व्यवस्था तेवढी पुन्हा घातली. मी उठायला गेलो आणि पुन्हा त्या पाटीपाशी थांबलो. बटणे त्यांनी दाबून पाहिली होती, पण केसभर आत राहिलेले बटण बोटाला कळत नाही. सकाळ अशीच गेली. एक वाजत आला.

शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाये, आता एकच वाट उरली. सगळा पुसून नव्यान घालूचा. फोन उठतलो, पण गाणी जातली."

सुविधाने माझ्या पाठीवरच्या पट्टीवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "गाणी तशी पण आत अडाकलीच आसत. पुसा. आयेच्या डॉक्टराचो फोन तरी येवंक होयो." एवढे बोलून ती बाहेर बाकावर जाऊन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

पुसायची सगळी तयारी झाली होती. संगणकावर एक कळ दाबायची बाकी होती. पण मित्रांनो, आमच्या गोव्यात एक वाजला की दुकान बंद. माणूस घरी जातो, जेवतो, जरा आडवा होतो आणि साडेतीनला परत येतो. परगावच्या गिऱ्हाइकांना याचा राग येतो. कृष्णनाथबाब म्हणाले की असल्या कामाला उपाशीपोटी हात लावायचा नाही. त्यांनी हवा लागावी म्हणून माझे रबरी आवरण काढून ठेवले, दार ओढून घेतले आणि सुविधालाही घरी जेवायला नेले. मी उघड्या अंगाने टेबलावर पडून राहिलो. त्या अडीच तासांत मी अकराही गाण्यांच्या पहिल्या ओळी मनात एकेकदा आठवून घेतल्या, कारण नंतर त्या आठवणारा मी राहणार नव्हतो.

आणि तेवढ्यात त्या आल्या. आधी एक, मग चार, मग भिंतीपासून टेबलाच्या पायावरून माझ्यापर्यंत ओळच्या ओळ. बारीक तांबूस मुंग्या. सगळ्या माझ्या उजव्या कुशीला, त्याच एका बटणाच्या फटीला लागल्या. गुदगुल्या होत होत्या, पण मी म्हटले, या बायांनो या, पाहिजे तितक्या या.

साडेतीनला बाब आले. खुर्चीत बसले, चष्मा लावला, कळेकडे बोट नेले आणि थांबले. "मोबायलाक मुंगयो कशाक लागतत?" असे ते स्वतःशीच म्हणाले. मला उचलून त्यांनी फुंकर मारली. मुंग्या पांगल्या आणि परत त्याच फटीला आल्या. मग त्यांनी मला नाकाशी धरले. बाबांचे बालपण वडिलांच्या काजूची दारू गाळायच्या भट्टीवर गेले होते. तो वास त्यांना झोपेतही ओळखू आला असता. त्यांनी सुविधाला आत बोलावले.

"बाये, ह्यो कधी नीरोत पडलेलो?"

सुविधा म्हणाली, पडला तर कधीच नाही. मग आठवून हळूच म्हणाली, "आये बोंडां पिळी तेव्हां मी ह्येका टोपाच्या काठाक ठेवी. हात चालल्याशिवाय ती गाय नाय."

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. सकाळपासून आपण आतली व्यवस्था तपासतो आहोत आणि रोग दारातच बसला आहे! त्यांनी संगणक बाजूला सारला. माझी पाठ उघडली, ते इवलेसे बटण चिमट्याने काढले. त्याच्याखाली गुळाच्या काकवीसारखा काळपट थर होता. स्पिरिटच्या बोळ्याने त्यांनी तो तीनदा पुसला, बटण सुकवले, बसवले. बटण टक् करून खाली गेले आणि टक् करून वर आले. तो आवाज माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड आवाज आहे, गाणी सोडली तर.

मला चालू केले. पाटी आली नाही. वर्तुळ फिरायला लागले. मी उठलो. सुविधाने बोटाने खूण काढून कुलूप उघडले आणि आत अकराच्या अकरा गाणी जागच्या जागी होती. तिने बाबांचे पायच धरले. ते म्हणाले, माझे नको, मुंग्यांचे धर. पण त्यांचेही डोळे भरले होते. मग त्यांनी सर्वांत आधी काय केले असेल? गाणी संगणकात उतरवली, एका पेनड्राइव्हवर घातली आणि आणखी एका पेनड्राइव्हवर घातली. बस सुटली तरी चालेल, म्हणाले, आज उठायचे नाही. बस सुटलीच. दुसऱ्या बसने आम्ही दिवेलागणीला घरी पोचलो.

घरी पाचसहा शेजारणी वाट बघत बसल्या होत्या. सुविधाने मला रुक्मिणीबाईंच्या खाटेजवळ ठेवले आणि चौथे गाणे लावले. मी पूर्ण आवाजात गायलो. रुक्मिणीबाईंनी आपला आवाज ऐकला आणि त्या एकटक माझ्याकडे बघू लागल्या. हळूहळू त्यांचा डावा हात पांघरुणावर चालू लागला. मूठ वळायची, सैल व्हायची, पुन्हा वळायची. त्या बोंडे पिळत होत्या. गाणे संपले तरी रेकॉर्डिंग चालूच होते, आणि माझ्यातून त्यांचाच आवाज खणखणीत आला, "सुविधा, तो फोन मागे घे बघू. नीरो लागता तेका."

मग सुविधाने कपाळाला हात लावला. आठ महिन्यांपूर्वी सासूने नेमके तेच सांगितले होते, आणि तिने ते ऐकून मला तिथेच ठेवले होते. रेकॉर्डिंगमधल्या रुक्मिणीबाई हसायला लागल्या. आणि खाटेवरच्या रुक्मिणीबाईही हसायला लागल्या. मोठ्याने, आवाज काढून. महिनाभर त्या घराने त्यांच्या घशातून आवाज ऐकला नव्हता. दोन्ही हसणी एकच होती. सुविधा हसता हसता त्यांच्या गळ्यात पडली आणि मग सगळ्याच बायका रडू लागल्या.

सोमवारी धालो बसले. सुविधाने ओळ काढली. रुक्मिणीबाई मांडाच्या कडेला खुर्चीवर होत्या आणि त्यांच्या डाव्या हातात त्यांनी स्वतःहून मागून घेतलेला एक पिळायचा फडका होता. सुविधा अडली की त्या फडका पिळायच्या आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणायच्या. शब्द नव्हते, पण चाल बरोबर असायची. सुविधाला ओळ आठवायची. मी तिच्या कमरेला खोचलेला होतो, गरज पडली तर असावा म्हणून. माझी गरज पडली नाही, आणि त्याचा मला आनंदच झाला.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला आशीर्वाद देता येत नाही. पण एक विनवणी करतो. आपल्या वस्तूंची अंगे आणि फटी पुसत जा. जे जपावेसे वाटते ते एकाच पोटात ठेवू नका, आणि त्यासाठी पुढच्या बुधवारची वाट बघू नका. आणि कुणी उठत नसेल, बोलत नसेल, तर त्याला पुसून टाकायच्या आधी जरा थांबा. जेवून या हवे तर. आत काय आहे ते विचारा. कृष्णनाथबाबांनी माझ्या पाठीवर लावलेली ती पट्टी सुविधाने अजून काढलेली नाही. तिच्या कडा निघाल्या आहेत, शाई फिकी झाली आहे, पण अजून वाचता येते, ‘आयेची गाणी’.